ऐंशी सेकंदांचा मामा

"एक्केचाळीस सेकंद," ग्रीरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हातातलं घड्याळ टेबलावर पालथं ठेवलं.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. नोकरीसाठी तयार करणाऱ्या सहा आठवड्यांच्या त्या वर्गातले बारा जण अर्धगोलात खुर्च्या टाकून बसले होते. सगळे वीस ते पंचवीसच्या मधले, सगळेच कुठून ना कुठून नकार घेऊन आलेले, आणि एरवी एकमेकांची टर उडवायची एकही संधी न सोडणारे. पण मधल्या खुर्चीवर तेवीन रोलॅक तोंड उघडून नुसताच बसून राहिला तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. प्रश्न अवघड नव्हता. खोटी मुलाखत होती, ग्रीरबाई खोट्या साहेबीण झाल्या होत्या, आणि त्यांनी विचारलं होतं, "स्वतःबद्दल थोडं सांगा." तेवीननं श्वास घेतला होता. त्याच्या हिशेबानं तो एकच श्वास होता. तेवढ्यात एक्केचाळीस सेकंद कसे गेले, आणि मुख्य म्हणजे आपण तेवढा वेळ होतो कुठं, याचं त्याला नवल वाटत राहिलं. लाज नंतर वाटली. ती वाटायच्या आधी हे नवलच वाटलं.

वर्ग भरायचा तो एका बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत. तिजोरीच्या खोलीत आता कॉफीचं यंत्र होतं, आणि तिचं हातभर जाडीचं दार कायमचं उघडं, भिंतीला टेकवलेलं. मधल्या सुट्टीत तेवीन त्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि ते सेकंद एकेक करून आठवायला लागला. खिडकीखाली बस थांबली होती, हे नक्की. दार उघडताना ती जो लांब सुस्कारा सोडते तो ऐकू आला होता. त्या सुस्काऱ्याबरोबर लुशसमामाचा आवाज आला होता, आजारपणाच्या आधीचा, भरदार, सव्वीस वर्षं मिलवॉकीच्या नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूवर बस चालवून कमावलेला. 'पुढचा थांबा केस कापणाऱ्या मिसेस बेट्सचं दुकान, ज्यांच्या डोक्यावर केस आहेत त्यांनीच उतरावं.' बसमधली माणसं हसायची. सात-आठ वर्षांचा तेवीन पुढच्या आडव्या सीटवर गुडघे वर घेऊन बसलेला असायचा. हा आपला मामा आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून तो मुद्दाम मोठ्यानं "मामा!" अशी हाक मारायचा. मग तो आवाज गेला. त्या जागी पलंग आला, चमचा आला, उशीखालचा टॉवेल आला. हे सगळं 'स्वतःबद्दल' म्हणून सांगायचं की नाही, याचा विचार करता करता बहुधा एक्केचाळीस सेकंद भरले.

"तुझ्या कागदावर दोन वर्षं तीन महिने कोरे आहेत," सुट्टी संपल्यावर ग्रीरबाई त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या. बाईंनी तीस वर्षं टेलिफोन कंपनीत काढली होती. ऐकताना त्या मान किंचित तिरपी करत, जणू अजूनही कानाला काही लावलेलं आहे. "विजेच्या कामाचं शिक्षण अर्धवट सोडलंस, आणि मग काहीच नाही. तुरुंगात होतास?"

"नाही बाई."

"मग कुठं होतास?"

"घरी. मामाजवळ. त्याला अर्धांगाचा झटका आला होता. आई हॉटेलच्या लाँड्रीत दोन पाळ्या करते, कुणीतरी घरी पाहिजे होतं."

"बोलायचा तो?"

"एकच शब्द."

"कोणता?"

तेवीननं खिडकीकडे बघितलं. "मंगळवार," तो म्हणाला.

बाईंची तिरपी मान सरळ झाली. मग त्यांनी विचारत विचारत सगळं काढून घेतलं. उजवी बाजू गेली होती आणि सगळे शब्द गेले होते, राहिला होता तो हा एक. पाणी हवं तरी मंगळवार, उशी टोचली तरी मंगळवार, खेळात आपली बाजू जिंकली तरी डावी मूठ आपटून मंगळवार. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, तोच का ते कुणाला सांगता येत नाही. पहिले दोन महिने तेवीन वेडा व्हायची वेळ आली होती. मग हळूहळू एका शब्दातले वेगवेगळे सूर त्याला कळायला लागले. शेवट वर गेला तर प्रश्न. शेवट ओढला तर दुखतंय. तोंडातल्या तोंडात पुटपुटला तर लघवी, आणि लाज. मामाची थट्टा करायची खोडही गेली नव्हती. शेजारची बाई केक घेऊन आली की तो असा काही मंगळवार म्हणायचा की ती तिथंच लाजायची.

बाई म्हणाल्या, "मुला, दोन वर्षं तू हे शिकत होतास आणि इथं येऊन मला सांगतोस, मी घरी होतो? हेच तर सांगायचं. आजपासून हेच सांगायचं."

आणि त्याच आठवड्यात मामाची गोष्ट कापून, बेतून ऐंशी सेकंदांची झाली. त्याहून लांब बोललं की समोरचा घड्याळ बघतो, असं बाईंचं म्हणणं, आणि बाईंचं म्हणणं अनुभवाचं. "चमचा ठेव, लघवीचं काढ. केकवाली ठेव, पण शेवटी नको, मध्ये घे. मंगळवार म्हणायच्या आधी किंचित थांब. नाही नाही, इतकं नाही. श्वासाएवढं." तेवीन थांबत असे. पहिल्यांदा वर्गासमोर त्यानं ती सांगितली तेव्हा अर्ध्यावर त्याचा आवाज फुटला. टोकाच्या खुर्चीवरची ब्रीऑन, जी बाईंच्या चालण्याची नक्कल करायची, ती डोळे पुसायला लागली. दुसऱ्यांदा आवाज फुटला नाही. तिसऱ्यांदा, मंगळवारच्या आधीची ती जागा आली तेव्हा तेवीनच्या लक्षात आलं की आपण थांबलो आहोत आणि कोण कोण वाट बघतंय ते मोजतो आहोत. त्याला मनातून दचकायला झालं. पण त्यातही गंमत वाटली, हे तो स्वतःपासून लपवू शकला नाही. आपणच घडवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात देऊन तो ती कशी उलटीपालटी करून बघतो, ते बघावं तसं. थांबलं की खोलीतली हवा बदलते. शब्द टाकला की हसू येतं, आणि हसता हसता माणसं आवंढा गिळतात. दर वेळी तिथंच.

"तुझं बरं आहे," बसथांब्यावर तौ म्हणाला. तौ वांग वर्गातला त्याचा जोडीदार होता. हात मिळवायचा, नजर मिळवायचा सगळा सराव दोघांनी एकमेकांवर केला होता, आणि आता दिवसातून दहा वेळा ते उगीचच एकमेकांना 'भेटून आनंद झाला' म्हणत. तळ्याकडून नोव्हेंबरचा वारा येत होता. तौनं टोपी कानांवर ओढली होती. "माझ्याकडे बघ. घरात अकरा माणसं आणि एक जण आजारी नाही. आजी ब्याऐंशी वर्षांची, अजून कोबीचं पोतं उचलते. मला नोकरी कशी लागणार?"

"आजीला सांग, जरा पड म्हणावं."

"ती पडेल, पण बोलायची थांबणार नाही. तिला एक शब्द पुरत नाही रे." तौ हसला, आणि मग एकदम म्हणाला, "राग नको मानू. पण तू सांगतोस तेव्हा तुझा मामा दिसतो मला. खरंच दिसतो."

तेवीन बसमध्ये चढला. मला दिसतो का, असं त्यानं स्वतःला विचारलं. त्यानं डोळे मिटले. दिसत होता, पण तो गोष्टीतला मामा होता. उशीला टेकलेला, केस नीट विंचरलेले, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू. खोलीत वास नव्हता. दुपारी तीन वाजता पडद्याच्या फटीतून यायची ती तिरीपही नव्हती. खऱ्या खोलीला मलमाचा, गरम इस्त्रीचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा मिळून असा एक वास होता, तो आणायचा त्यानं कसून प्रयत्न केला. तिथं पुसून कोरं केल्यासारखं काहीतरी लागलं. मामा जाऊन अजून सहा महिने झाले नव्हते. त्याला कुतूहल वाटलं, आणि जरा भीतीही: प्रत्येक वेळी सांगताना आपण तिथलं थोडं थोडं उचलून आणतो, की तिथं थोडं थोडं झाकून येतो?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यानं बाईंनाच विचारलं. वर्ग सुटला होता. बाई फळा पुसत होत्या.

"बाई, तुम्हाला कुणी विचारलं, स्वतःबद्दल सांगा, तर?"

बाईंनी फडकं खाली ठेवलं, वळल्या आणि तत्काळ सांगायला लागल्या. एकोणीस वर्षांची पोर, अंगावर बहिणीचा मागून आणलेला झगा, कंपनीतला पहिला दिवस. समोर दिव्यांची भिंत, आणि पहिलाच फोन एका म्हाताऱ्याचा. त्याला कुणाशीच बोलायचं नव्हतं, नुसतं कुणीतरी 'हॅलो' म्हणायला हवं होतं. मागं देखरेख करणारी बाई उभी. आणि ग्रीरबाईंनी नियम मोडून त्या म्हाताऱ्याला तीन वेळा हॅलो म्हटलं. गोष्ट सुंदर होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या हॅलोच्या मध्ये त्या श्वासाएवढं थांबल्या.

"खरंच असं झालं होतं?" तेवीननं विचारलं.

बाई हसल्या. मग त्यांनी हसू आवरलं आणि फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "चाळीस वर्षं सांगतेय रे. तो म्हातारा होता, एवढं नक्की. तीन वेळा म्हटलं की एकदा, आणि मागं कुणी उभं होतं की नव्हतं..." त्यांनी मान तिरपी केली. "आता नाही सांगता येत. आता ते असंच आठवतं. पण त्या गोष्टीनं मला तीन वेळा बढती दिली हो. वाईट वाटून घेऊ नकोस. उद्या पांढरा सदरा घाल."

पांढरा सदरा मामाचाच होता, बसचा गणवेश सोडून त्याच्याकडे असलेला एकुलता एक. आईनं तो कामावर नेऊन कडक इस्त्री करून आणला होता. नोकरी इस्पितळातली होती, पाचव्या मजल्यावर, झटका येऊन गेलेल्या माणसांच्या विभागात. त्यांना उठवायचं, बसवायचं, चाकाच्या खुर्चीतून इकडून तिकडे न्यायचं, भरवायचं. मुलाखत घेणाऱ्या मिसेस वॉयचिक साठीच्या आसपासच्या होत्या. गुडघे दुखत असावेत, कारण उठून हात मिळवताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. समोर अर्धं सँडविच कागदात होतं. "माफ करा हं, सकाळपासून हेच खातेय," त्या म्हणाल्या. "बसा. हं, सांगा स्वतःबद्दल."

तेवीननं सांगितलं. सगळं जागच्या जागी आलं. चमचा आला, केकवाली आली मध्ये, आणि ती जागा आली तेव्हा तो थांबला, आणि म्हणाला, "मंगळवार."

मिसेस वॉयचिक हसल्या नाहीत, त्यांनी आवंढाही गिळला नाही. त्या पेनाचं टोपण काढत-घालत त्याच्याकडे बघत होत्या, बारकाईनं, पण दुष्टपणे नाही. "छान सांगता," त्या म्हणाल्या. "ग्रीरबाईंच्या वर्गातले ना तुम्ही? त्यांची मुलं मला ओळखू येतात. बरोबर त्याच जागी थांबतात."

तेवीनला उठून जावं असं वाटलं, आणि त्याच क्षणी ही बाई पुढं काय बोलते ते ऐकावंसंही वाटलं. दुसरं वाटणं जास्त जोराचं निघालं. तो बसून राहिला.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "त्यांना काय हवंय ते तुम्हाला कळलंच नाही, असं कधी झालं?"

याचंही उत्तर तयार होतं. आपल्यातला दोष कसा सांगायचा, तो सांगता सांगता त्याचा गुण कसा करायचा, हे चौथ्या आठवड्यात झालं होतं. तेवीननं ते उत्तर म्हणायला तोंड उघडलं. पण समोर एकदम फेब्रुवारीतली ती दुपार होती, अख्खी, वासासकट. बाहेर चार दिवसांचा बर्फ, आई दुसऱ्या पाळीला गेलेली, हीटर खटखट करतोय, आणि मामा अकरा वाजल्यापासून मंगळवार म्हणतोय. प्रश्नाचा सूर नाही, दुखण्याचा नाही, ओळखीतला कुठलाच नाही. डावा हात उचलून कुठंतरी बोट दाखवतोय, आणि मंगळवार, मंगळवार. पाणी दिलं, नको. उशी बदलली, नको. टीव्ही लावला, बंद केला, पडदा उघडला, चादर काढली, पाय चोळले. नको, नको. दोन वाजले, अडीच झाले. मामाच्या कपाळावर घाम आला होता.

"झालं," तेवीन म्हणाला. आपला आवाज वेगळा येतोय हे त्याला जाणवलं. "एकदा साडेतीन तास मला कळलं नाही. मग मी... मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि त्याच्यासारखं बोललो. त्याच्यासारखं तोंड वाकडं करून. मंगळवार मंगळवार मंगळवार, असं. ओरडून. पुष्कळ वेळ."

खोलीबाहेरून कुणाची तरी चाकाची खुर्ची ढकलत नेल्याचा आवाज गेला. मिसेस वॉयचिकनी पेन खाली ठेवलं.

"मग?"

"तो गप्प झाला. हात खाली घेतला. त्यानंतर आठ दिवस तो काहीच बोलला नाही. तोही शब्द नाही." तेवीनला वाटलं आता थांबावं, पण ते थांबेना. "त्याच्याकडे तो एकच होता आणि तोही मी काढून घेतला. आठ दिवस मी दाढी करायचो, भरवायचो, विचारायचो, मामा, हे हवं का, मामा, ते हवं का. तो छताकडे बघायचा. आईला सांगितलं, सर्दी झालीय. नवव्या दिवशी ओटमीलच्या लापशीत साखर जास्त पडली, तेव्हा वाटी ढकलून म्हणाला."

"काय केलंत?"

"दुसरी केली. बिनसाखरेची."

"आणि त्या दुपारी काय हवं होतं त्यांना?"

"माहीत नाही," तेवीन म्हणाला. "मी कधी परत विचारलंच नाही."

संपलं, हे तेवीनच्या लक्षात आलं. या कामासाठी आलेला माणूस हे सांगत नाही. ब्रीऑननं सांगितलं नसतं, तौनं सांगितलं नसतं, आणि ग्रीरबाईंनी तर कानावर हात ठेवले असते. पण अंगातून काहीतरी उतरल्यासारखं हलकं मात्र वाटत नव्हतं. उलट ते सगळं नुकतंच अंगावर आल्यासारखं जड आणि गरम लागत होतं.

"इथंही होतं तसं," मिसेस वॉयचिक शेवटी म्हणाल्या. त्यांनी सँडविचचा कागद गुंडाळला. "चांगल्या माणसांकडून होतं. सकाळपासून आठ जणांना उचललेलं असतं, पाठ मोडलेली असते, आणि नववा समजत नाही. झालं की त्याच दिवशी येऊन मला सांगायचं. सर्दी झालीय असं नाही सांगायचं. जमेल?"

"जमेल."

"सकाळी साडेसहाला यावं लागतं. पाठीचं काही दुखणं?"

"नाही."

"महिनाभर बघू. तुम्ही मला बघा, मी तुम्हाला बघते." त्या पुन्हा टेबलाचा आधार घेऊन उठल्या.

रस्त्यावर आल्यावर तेवीनला आनंद व्हायला हवा होता, आणि तो होताही, पोटात कुठंतरी, भूक लागल्यासारखा. पण डोकं दुसरीकडेच होतं. इतके दिवस त्या दुपारकडे त्यानं पाठ केली होती. 'तू काय केलंस' यापलीकडे तो कधी गेलाच नव्हता. मिसेस वॉयचिकच्या साध्या प्रश्नानं आता दुसरंच दार किलकिलं झालं होतं. काय हवं होतं त्याला? बोट होतं कुठं? तो बसमधून उतरला आणि शेवटचे दोन रस्ते जवळजवळ पळत गेला.

मामाची खोली रिकामी होती. पलंग इस्पितळाच्या मंडळींनी परत नेला होता, लाकडी जमिनीवर त्याच्या चार पायांचे खळगे तेवढे होते. तेवीननं स्वयंपाकघरातली खुर्ची आणली आणि खळग्यांच्या मध्ये ठेवली. खुर्ची उंच होत होती. मग ती सारून तो सरळ जमिनीवर आडवा झाला, मामाच्या पांढऱ्या सदऱ्यासकट, डोक्याखाली हात घेऊन, आणि डावा हात वर केला. बोटाच्या रेषेत खिडकी आली. खिडकीत समोरच्या घराचं धुराडं होतं. धुराडं कशाला हवं असेल? त्यानं हात थोडा खाली घेतला. खिडकीची चौकट, हीटर. हीटरची खटखट त्याला सहन होत नसेल का? पण त्या दिवशी हात इतका खाली नव्हता. किती होता? आपण त्या हाताकडे साडेतीन तास बघत होतो, म्हणजे खरं तर बघतच नव्हतो.

दाराचं कुलूप वाजलं. त्याची आई वर्नेट आली होती. ती खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. कोट, टोपी, हातात जेवणाचा रिकामा डबा, आणि अंगाला नेहमीचा साबणाच्या वाफेचा वास.

"इस्त्रीचं वाटोळं करतोयस तू," वर्नेट म्हणाली. "काय झालं? नाही लागली?"

"लागली. महिनाभर बघणार आहेत."

"अरे देवा!" तिनं डबा छातीशी धरला. "मग जमिनीवर काय लोळतोयस असा? ऊठ, मला मिठी मार."

तो उठला नाही. "आई, मामाचं डोकं कोणत्या बाजूला असायचं गं? खिडकीच्या?"

"हो. पहिल्यांदा तिकडे पाय होते, मग डोळ्यावर ऊन येतं म्हणून आपणच नाही का पलंग फिरवला, नाताळानंतर? तेव्हापासून खिडकीकडे डोकं. तोंड इकडे, माझ्याकडे. या दाराकडे."

तेवीन उठून बसला, जागच्या जागी फिरला, पुन्हा आडवा झाला आणि हात वर केला. आता बोटाच्या रेषेत दार होतं. दाराशेजारी दिव्याचं बटण, त्याच्या वर खुंटी. हिवाळाभर तेवीनचा कोट त्याच खुंटीवर लटकलेला असायचा, आठवडेच्या आठवडे, कारण तो घालून जायला कुठलं ठिकाणच नव्हतं. बटण असेल. कोट असेल. दार असेल, आई अजून कशी आली नाही, असं असेल. त्यानं एक डोळा मिटून पाहिलं, हात सूतभर हलवून पाहिलं. तिन्ही एकाच रेषेत येत होती. कुठलंही पक्कं होत नव्हतं आणि कुठलंही सोडवत नव्हतं.

"तेवीन," आईचा आवाज बदलला होता. "का विचारतोयस तू हे?"

त्यानं हात खाली घेतला. ही गोष्ट त्यानं आज एका परक्या बाईला सांगितली होती. ज्या माणसाची होती त्याची बहीण समोर उभी होती आणि तिला 'सर्दी' एवढंच माहीत होतं. पुन्हा सांगितलं तर हीही गोष्ट बेतली जाईल का, ऐंशी सेकंदांची होईल का, असं त्याच्या मनात येऊन गेलं. झाली तर होवो.

"बस ना जरा," तो म्हणाला, आणि त्यानं खुर्ची तिच्याकडे सरकवली.

वर्नेट बसली. तिनं कोट काढला नाही, टोपीही नाही. रिकामा डबा मांडीवर धरून ती वाट बघत राहिली.

"फेब्रुवारीतलं आहे," तेवीन म्हणाला. "तू कामावर होतीस."